गाडीच्या पोटातली विहीर

माझ्या बायकोला सवत आहे.

हे वाक्य मी पाहुण्यांमध्ये टाकतो आणि मुद्दाम पाण्याचा एक घोट घेतो. समोरच्याचा कप ओठांपाशी अडतो, कोणाची तरी बायको पदर सावरून पुढं सरकते, आणि आतल्या खोलीतून माझी बायको ओरडते, "सांगून टाका नं आता! कायले बिचाऱ्यायचा जीव टांगून ठेवता?" मग मी सांगतो. सवत म्हणजे पंप. रस्त्याच्या कडेला असतो तो नव्हे. गाडीच्या आत असतो तो, टाकीतलं पेट्रोल उचलून इंजिनापर्यंत पोचवणारा. जवळपास मुठीत मावतो. पण आमच्या संसारात त्यानं जेवढी जागा व्यापली तेवढी माझ्या आईनंही व्यापली नाही, आणि आई काही कमी बाई नव्हती.

सवत हे नाव तिचंच. लग्न नवं होतं आणि उन्हाळा ऐन भरात होता. छिंदवाड्याला तिची मावशी राहते. मावशीनं नव्या जोडप्याला पुरणपोळीच्या जेवणाला बोलावलं. पांढुर्ण्यात आमचं भांड्यांचं दुकान, घरी एक स्कूटर. पण नवी नवरी स्कूटरवर घाट चढणार? मी एका मित्राची जुनी गाडी मागून आणली, पुसली, मागच्या काचेला मोगऱ्याचा गजरा लावला, आणि निघालो. सौसर गेलं, रामाकोना गेलं. रामाकोन्याजवळ तिचं माहेर, संत्र्याच्या बागेतलं. तिथून तिनं लाडवांचा डबा उचलला. सिल्लेवानीचा घाट लागला. मी एक हात खिडकीबाहेर ठेवून, गाणं गुणगुणत, स्वतःला कोण समजत होतो ते सांगत नाही.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडी खोकली. मग आणखी खोकली. मग एका वळणाच्या कठड्याशी, जिथून खालचं सगळं जंगल दिसतं तिथं, ती शांत झाली.

जुन्या गाड्यांचा पंप इंजिनाला चिकटून असायचा. उन्हात चढ लागला की तो तापायचा, आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ काही पुढं ढकलली जायची नाही. त्यावर सगळ्या ड्रायव्हरांचा एकच उपाय: ओलं फडकं. पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि वाट पाहायची. माझ्याकडं रुमाल होता. पाणी तिच्याकडं होतं. आमच्याच दुकानातला फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या, लग्नात तिच्या नावानं कोरून दिलेला. मी रुमालावर थोडं पाणी ओतलं. फस्स झालं. आणखी थोडं ओतलं. असं करता करता तांब्या रिकामा झाला आणि गाडी तशीच उभी.

ती कठड्यावर बसली होती, नव्या साडीत, कोरड्या घशानं. मी मान वर करून पाहिलं तेव्हा एक वानर तिच्याशेजारी बसून लाडू खात होतं. दोघंही माझ्याकडं पाहत होते आणि दोघांचाही चेहरा सारखाच होता.

खाली उतरलो ते कोळशाच्या ट्रकमधून. सौसरला उतरल्यावर ती काळ्या पडलेल्या साडीकडं पाहत म्हणाली, "माझं पाणी तुमच्या पंपानं पेलं. मी तहानेली बसून राहिली अन् तुम्ही तिले पाजून राहिले. बायको मी हाय का ते हाय?" आणि तिथंच बसस्टँडवर निकाल लागला. तुमच्या हातच्या गाडीनं मी तो घाट पुन्हा चढणार नाही.

ती शाळेत गणित शिकवते. तिचा निकाल लागला की लागला. पुढं घरात चांगली चारचाकी आली. त्या गाडीनं ती नागपूरला येई, बाजाराला येई. पण मावशीकडं जायचं म्हटलं की पिशवी उचलून बसस्टँडवर. मी गाडीनं मागून जायचो. मावशी दारात उभी राहून म्हणायची, "बापा, जावई येगळे अन् लेक येगळी! भांडले का?" आणि ताटात पोळी वाढताना दर वेळेस विचारायची, "गाडी चालू झाली का मंग?"

आता या गोष्टीतली दुसरी गाडी.

माणसाला पन्नाशीच्या आसपास काहीतरी होतं. कोणी भजनी मंडळात जातो, कोणी केस रंगवतो. मी एक गाडी मागवली, सुट्या भागांची. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरचे पत्रे, चाकं, तारा, पेट्या. इंजिन आपलं आपण आणायचं. मी एका ठोकलेल्या लहान गाडीचं आणलं, पेट्रोल दाबानं फवारणारं, इंजेक्शनचं. छप्पर नाही. जमिनीपासून वीतभर उंच. नाक लांब, डोळे बेडकासारखे. आणि सीट दोन. दोनच. दुसरी कोणाची हे सांगायला नको.

पांढुर्ण्यात जागा नव्हती, म्हणून गाडी जुळवली माझ्या साळ्याच्या बागेत. हा बायकोचा धाकटा भाऊ. संत्र्याचा तोडा आटोपला की त्याची पॅकिंगची शेड रिकामी होते. पेट्यांचे ढीग, गवताचा वास, कोपऱ्यात विसरलेली दोनचार संत्री सुकत पडलेली. दर शनिवारी दुकान लवकर बंद करून मी तिकडं जायचो. हिवाळ्यातली दुपार शेडच्या फटींतून आत यायची आणि गाडीच्या सांगाड्यावर पट्ट्यापट्ट्यांनी झोपायची. कधी कधी मी काहीच करायचो नाही. नुसता त्या बिनपत्र्याच्या गाडीत बसायचो, हातात नुसतं स्टिअरिंग, आणि डोळे मिटून घाट चढायचो. शेजारच्या सीटवर कोणीतरी असायचं. वाऱ्यानं पदर उडायचा. साळा दारातून हाक मारायचा, "भाऊजी, कुठलोक पोचले?"

"तिसऱ्या वळणावर आहे. गप बस."

बायको एका रविवारी डबा घेऊन आली. गाडीभोवती एक फेरी मारली. वर्गात वह्या तपासताना मारते तशी.

"या दुसऱ्या सीटवर काय ठेवाल? भांडी?"

मी हात जोडले. गुडघा टेकणार होतो, पण खाली ग्रीस होतं.

तिनं सीटची गादी बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाली, "एकदा बसीन. त्याच घाटात. एकदा जरी खोकली, तं तिथंच उतरीन अन् बसनं जाईन. अन् घरी आल्यावर ते दुसरी सीट काढून टाकाची. एकट्यानं फिराचं मंग, जोगड्यासारखं."

"मंजूर," मी म्हणालो.

आता सगळं काम त्या एका गोष्टीवर आलं. गाडी धावणार होतीच. ती खोकायला नको होती. आणि इंजेक्शनच्या गाडीचं कसं असतं, जुन्या इंजिनाजवळ कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असायचं, मध्ये पुरवठा अडखळला तरी चालून जायचं. इंजेक्शनला वाटी नाही. तिला पेट्रोल सतत पाहिजे आणि चांगल्या दाबानं पाहिजे. दाबाच्या त्या धारेत एक बुडबुडा आला की ती खोकणार. म्हणजे पुन्हा तोच, पंपाचा प्रश्न. सवतीसाठी स्थळ पाहायची वेळ आली.

पहिलं स्थळ मी फोटो पाहून पसंत केलं. तिथंच चुकलो. लांबोडका, चकचकीत, टाकीच्या बाहेर बसवायचा पंप. दाब भरपूर. प्रश्न एवढाच होता की तो बसवायचा कुठं. साळ्यानं पाना हातात घेतला आणि क्षणाचाही विचार न करता सीटच्या मागं, खांद्याच्या उंचीवर बोट ठेवलं.

"इथी."

"एवढ्या वर?"

"मोटर खाली बसवाची नसते भाऊजी. पूर आला म्हंजे?"

हसू नका. मी हसलो नाही. मी मान डोलावली! आमच्याकडं नाल्याकाठी, नदीकाठी ज्याची मोटर आहे त्याच्या घरात वाहून गेलेल्या मोटरीची एक तरी गोष्ट असतेच. पाऊस सुरू झाला की माणसं आधी मोटर वरच्या ओट्यावर चढवतात, मग घरात येऊन जेवतात. जाम नदीच्या काठी मी वाढलो. मोटर म्हटली की माझाही हात आपोआप वर जातो. दोन घोडवयाचे पुरुष, त्या वीतभर उंचीच्या गाडीत, पेट्रोलच्या पुरापासून पंप वाचवायला तो उंचावर बसवून मोकळे झाले. वरून साळ्यानं त्याला हळदकुंकू लावलं.

शेडच्या दारात गाडी झकास चालली. टाकी काठोकाठ होती. किल्ली फिरवली की पंप असा किंचाळायचा की चिंचेवरचे बगळे उडायचे, पण चालली. रस्त्यावर काढली, रामाकोन्याच्या अलीकडं थोडं पेट्रोल खाली गेलं, आणि खोक. खोक, खोक, आणि शांतता. पंप मात्र किंचाळतच होता, आता कोरडाच, आणि हात लावला तर चटका बसला.

परत ढकलत आणताना मला एकेक कळत गेलं. हा पंप ढकलण्यात वाघ आहे, ओढण्यात मांजर. पेट्रोल त्याच्या तोंडाशी आपसूक उतरून यायला पाहिजे. वर बसवला की त्याला ओढावं लागतं, ओढता ओढता हवा पितो, आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवत असतं म्हणून कोरडा पडला की तापतो. बायको नेमकी तेव्हा शेडमध्ये बसलेली होती. ती किंचाळी तिनं दुरून ऐकली होती.

"कोण रडून राहिलं होतं? सवत?"

"नवीन घर आहे तिला. रुळेल."

"तुम्ही तिले माळ्यावर ठेवलं नं. कोणीही रडीन."

मग पंप खाली आणला, टाकीच्या बुडापेक्षाही खाली, रबराच्या गादीवर. हे दुसरं स्थळ म्हणा, किंवा पहिल्याच नवरीची मनधरणी म्हणा. किंचाळणं कमी होऊन कण्हणं झालं. सरळ रस्त्यावर गाडी अशी गेली की साळा मागं धूळ खात टाळ्या वाजवत होता. पण टाकी निम्म्यावर आली आणि मी एक वळण जरा मस्तीत घेतलं, तेव्हा पुन्हा एक बारीकशी उचकी. वळणावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला धावत जातं, नळीचं तोंड उघडं पडतं, आणि पंप हवेचा घोट घेतो. सिल्लेवानीचा घाट म्हणजे नुसती वळणंच. आणि मी नुसत्या उचकीवर सीट हरणार होतो.

साळ्यानं वाट काढली. "टाकी फुल भरूनच चढवा नं भाऊजी. ताईले काय समजते?"

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं. आणि आम्हा दोघांनाही एकदमच समजलं की ताईला समजतं.

पंप टाकीच्या आत बुडवून टाकावा, कंपनीच्या गाड्यांत असतो तसा, हा विचार झाला. तो थंड राहतो, आवाजही कमी. पण आमची टाकी म्हणजे परात. गाडीच बुटकी, म्हणून टाकी पसरट. तो उंच पंप तिच्यात उभा करायचा म्हणजे उंटाला ओसरीत बांधण्यासारखं. आणि परातीत पेट्रोल धावायचं ते धावणारच.

असे काही शनिवार गेले. मी दुकानात गिऱ्हाइकाला कढई दाखवता दाखवता थांबायचो आणि कढईत पाणी ओतून ती तिरपी करून पाहायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "गळते का?" मी म्हणायचो, "नाही, धावते." घरी ताटातल्या वरणाकडं पाहत बसायचो. रात्री स्वप्नात ती दुसरी सीट एकटीच घाट चढताना दिसायची.

मग बागेचा ताण तोडायचा दिवस आला.

आमच्याकडं थंडीत संत्र्याच्या बागेचं पाणी तोडतात. महिनाभर बाग तशीच सोडायची, हा तिचा ताण. पानं मलूल होतात, वळतात, झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. आणि मग एके दिवशी पाणी सोडून तो तोडायचा. घाबरलेलं झाड त्या पाण्यानं असं फुलतं की पान दिसू नये. हा ताण किती द्यायचा हे ज्याला कळलं तो बागाईतदार. उशिरा तोडला तर झाड जातं, लवकर तोडला तर फूल कमी. त्या दुपारी साळ्यानं मोटरीपुढं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि बटण दाबलं.

मी बागेत पाणी साठवायच्या टाक्याजवळच्या झाडाखाली पडलो होतो. सतरंजी नाही, नुसती माती. जेवण झालेलं. तोंडात खोबरं. डोळ्यांवर ऊन गाळून येत होतं. विहिरीतली मोटर महिन्याभरानं जागी झाली होती आणि नळी टाक्यात ओकत होती. भळ्, भळ्, मग फुर्र करून नुसती हवा, मग पुन्हा भळ्. विहिरीला पाणी कमी, मोटर मध्येच हवा घ्यायची. तालच नव्हता त्या आवाजाला. पण त्याच्या खालून दुसरा एक आवाज येत होता. मऊ, सलग, कोणी दूर बसून एकच सूर धरावा तसा. मी त्या सुरावर तरंगत गेलो. झाडं हळूहळू माझ्याभोवती फिरायला लागली, संत्र्याच्या पानांमधून रस्ता निघाला, वळणावर वळण, आणि माझ्या शेजारी पदर उडत होता, आणि तो सूर काही तुटत नव्हता. वळण आलं तरी तुटत नव्हता. चढ आला तरी नाही. मी झोपेतच विचारलं, हे कोण गातंय?

आणि उठून बसलो.

टाक्याच्या बुडाशी दुसरी मोटर होती. पाण्यात बुडालेली. ती टाक्यातलं पाणी दाबानं ठिबकच्या नळ्यांत सोडत होती. वरची मोटर भळभळो, अडखळो, हवा ओको. हवा वर जाऊन उडून जायची, टाकं भरलेलंच राहायचं, आणि खालच्या मोटरीला विहिरीचे हाल ठाऊकही नव्हते. इतक्या वर्षांत या टाक्याच्या काठावर बसून मी किती संत्री सोलली होती! दाबाचं पाणी पाहिजे तर विहिरीतून थेट ओढत नाहीत, मध्ये टाकं बांधतात, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. फक्त गाडी म्हटली की आमची अक्कल नाल्याच्या ओट्यावर चढून बसली होती.

"साळेबुवा!" मी बागेत असा ओरडलो की तो फावडं टाकून पळत आला. त्याला वाटलं साप.

"गाडीत विहीर आहे. टाकं नाही!"

तो माझ्या कपाळाला हात लावणार तेवढ्यात मी त्याला टाक्यापाशी ओढत नेलं आणि बोट दाखवलं. वरची मोटर. टाकं. खालची मोटर. तो पाहत राहिला. मग हळूच खाली बसला आणि हसायला लागला, इतका की डोळ्यांतून पाणी आलं. "भाऊजी, आपण मोटर माळ्यावर बसवली होती नं! हळदकुंकू लावून!"

टाकं म्हणून काय घ्यायचं याचा प्रश्न भांड्यांच्या दुकानदाराला पडत नाही. आमच्याकडं घट्ट झाकणाची स्टीलची बरणी आहे, दुधाची, उभट, जाड पत्र्याची. बोरगावला कारखान्यांच्या बाजूला गॅसनं स्टील जोडणारा एक कारागीर आहे. त्यानं बरणीला नळ्यांची तोंडं जोडून दिली आणि एवढंच विचारलं, "यात दूध कायचं ठेवाल?" एक लहान पंप परातीतून पेट्रोल उचलून बरणीत टाकतो. तो अडखळला तरी चालतं. जास्तीचं पेट्रोल आणि हवा वरच्या नळीनं परत टाकीत जातात. बरणी सदा काठोकाठ. आणि तिच्या पोटात, पेट्रोलमध्ये बुडून, दाबाचा मोठा पंप उभा. इंजिनाला नको असलेलं पेट्रोलही फिरून बरणीतच येतं. जुना किंचाळणारा मी काढून टाकला. बुडवता येणारा नवा आणला. तिसरं स्थळ. इंजिन बंद पडलं की दोन्ही पंप आपोआप बंद व्हावेत अशी तार जोडली, बरणी सीटपासून पत्र्याच्या आडोशानं वेगळी केली, आणि एका सकाळी किल्ली फिरवली.

हूंऽऽ. दाब भरेपर्यंत, बस, एवढंच. कोणी झोपेत कूस बदलावी तसं. मग इंजिन.

आम्ही मुद्दाम टाकी खाली करून, सौसरच्या रस्त्यावर, शेताच्या वाटांवर, जिथं वळण दिसेल तिथं वळलो. साळ्याला दोनदा ओकारी आली. गाडीला उचकी आली नाही.

कागदपत्रांचे सोपस्कार फार कंटाळवाणे होते, ते मी गाळतो. तोवर बाग फुलली होती. संत्र्याच्या फुलांचा वास ज्याला माहीत नाही त्याला तो सांगता येत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो त्या दिवसांत जरा वेड्यासारखाच वागतो. माहेरच्या दारातून ती निघाली तेव्हा सकाळ कोवळी होती. साधी सुती साडी, डोक्याला घट्ट रुमाल, मांडीवर पिशवी. ती दुसऱ्या सीटवर बसली. मी दोन्ही हातांनी दार लावलं, देवळाचं लावतात तसं. साळा हात जोडून उभा होता. कोणासमोर, ते कळलं नाही.

रामाकोन्याला पेट्रोल भरायला मी गाडी वळवणार, तेवढ्यात तिनं काट्याकडं पाहिलं. निम्म्याच्या खाली होता.

"भरू नका."

"अगं, घाट आहे."

"म्हणूनच. भरल्या पोटानं कोणीही गाणं म्हणते. अर्ध्या पोटानं चढवून दाखवा."

मागच्या बरणीचा मला एकदम भरवसा वाटेना. स्टील आपल्याच दुकानातलं असलं की त्याचे सगळे दोष माहीत असतात.

घाट लागला. पहिलं वळण मी म्हाताऱ्यासारखं घेतलं. "जोरात घ्या," ती समोर पाहत म्हणाली, "मले परीक्षा पाह्याची आहे, तुमचे लाड नाही." दुसरं जोरात घेतलं. तिसरं. सागाची पानगळ सुरू होती, मोठमोठी पानं रस्त्यावर सरकत होती, आमच्या चाकांखाली करकरत होती. डोक्यावर छप्पर नव्हतं. झाडांच्या सावल्या आमच्या अंगावरून धावत मागं जात होत्या. मी कान मागं लावून बसलो होतो. इंजिन बोलत होतं आणि त्याच्या खाली, लक्ष दिलं तरच ऐकू येईल असा, तो एकच सूर. वळण आलं. तुटला नाही. चढ आला. तुटला नाही. मग मला ते दुपारचं स्वप्न आठवलं आणि मी कुठं आहे तेच कळेनासं झालं, टाक्याजवळ की घाटात. खात्री करायला शेजारी पाहिलं. रुमालातून सुटलेली एक बट उडत होती, पांढरी. स्वप्नात ती काळी होती. म्हणजे हे खरं होतं.

तो कठडा दिसला. खालचं सगळं जंगल दाखवणारा.

"थांबवा," ती म्हणाली.

"कशाला? चालली आहे नं. खोकली का? सांग, एकदा तरी खोकली का?"

"थांबवा म्हणून राहिली नं. बंद करा."

मी गाडी बंद केली. पंपही गप्प झाला. एवढी शांतता झाली की पान पडलेलं ऐकू आलं. ती उतरली. आता ही बस पकडणार, मला वाटलं, हिला ती उचकी ऐकू आली जी मला आली नाही.

तिनं पिशवीत हात घातला आणि फिरकीच्या झाकणाचा तो पितळी तांब्या काढला. तिचं नाव कोरलेला, चिंचेनं घासून लख्ख केलेला. ती कठड्यावर जाऊन बसली, त्याच जागी. फिरकी उघडली आणि पाणी प्यायला लागली. सावकाश. एक घोट घ्यायची, खाली जंगलाकडं पाहायची, पुन्हा एक. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. एक वानर येऊन थोड्या अंतरावर टेकलं. त्याच्याकडंही तिनं लक्ष दिलं नाही.

"मला देशील का घोटभर?" मी शेवटी विचारलं. घसा खरंच कोरडा पडला होता.

"नाही," ती म्हणाली. "आज सगळं मीच पेईन."

आणि प्याली. तांब्या उलटा करून माझ्याकडं धरला. एक थेंबही पडला नाही. मग पदरानं ओठ टिपून ती आली, दुसऱ्या सीटवर बसली, आणि तिनंच हात लांब करून किल्ली फिरवली.

हूंऽऽ.

ती मान तिरपी करून ऐकत राहिली, दाब भरून तो सूर थांबेपर्यंत.

"बरी आहे आवाजानं," ती म्हणाली. "चाला. मावशीच्या पोळ्या थंड होऊन राहिल्या."